प्रत्येक कपड्यामागे एकतीस ग्रॅम

चार वर्षांच्या मुलाचा गुडघा जमिनीपासून अकरा इंचांवर असतो. सहा महिन्यांनी बघायला जावं तर तो तिथं नसतो.

*

प्रवास दोनशे चाळीस वर्षांचा. निघतील त्यांच्यातलं कोणी पोचणार नाही, आणि पोचतील त्यांच्यातलं कोणी निघालेलं नसेल.

*

सुती कापड पहिल्या धुण्यात सगळ्यात जास्त आटतं. नवराही, असं आत्याचं मत होतं. तिचं लग्न दीड वर्ष टिकलं.

*

तीन वर्षांच्या मुलीनं टाचणी गिळली. डॉक्टर म्हणाले, केळी खायला घाला आणि वाट बघा. दुसऱ्या दिवशी टाचणी बाहेर आली आणि मुलीला नाव कायमचं चिकटलं.

*

यादी नेहमी खालून वर कापतात.

*

माप. वय: चार. छाती: बावीस. उंची: चाळीस. गिऱ्हाईक: अजून जन्मायचं आहे.

या गिऱ्हाइकाचा सदरा ज्या दुकानात शिवला गेला ते दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काच, मधोमध कापायचं टेबल, दोन्ही भिंतींना सहा-सहा शिलाई मशीन. टेबलाच्या कडेला पितळेची पट्टी ठोकलेली होती. तिच्यावरचे इंच केव्हाच झिजले होते, पण मास्तरांना त्यांची गरज नव्हती. ते पट्टीवर नुसता पंजा टेकवत आणि कापत. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक आणि एकमेव कापणारे. काज-बटणं आणि बोलणं त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे. शिवायला बारा कारागीर. टाचणी ही मास्तरांची एकुलती मुलगी. वय सत्तावीस, काम वापरलेलं पाणी पुन्हा पिण्याजोगं करण्याचं. तिची आई बारा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात ही तिघंच.

दुसऱ्या ग्रहाकडे निघालेल्या मोहिमेनं यानावरच्या कपड्यांचं काम नऊ दुकानांना वाटून दिलं होतं. मोठ्यांचे कोट एकाकडे, अंथरुणं दुसऱ्याकडे. मास्तरांकडे आले मुलांचे कपडे: जन्मल्या दिवसापासून चौदा वर्षांपर्यंतचे, नऊ हजार सहाशे. यानात कापूस लावणार होते, माग बसवणार होते, पण पहिलं कापड निघायला चाळीस वर्षं लागणार होती. तोवर जी मुलं होतील त्यांनी हे घालायचं, मग धाकट्यांना द्यायचं, त्यांनी त्यांच्या धाकट्यांना.

सोबत एक पुस्तिका आली होती. तिच्यात लिहिलं होतं: शिवणीबाहेर कापड एक सेंटिमीटर, त्याहून जास्त नको.

मास्तर मुलांच्या कपड्यात बाजूला दोन बोटं आणि खालच्या दुमडीत चार बोटं कापड जास्तीचं ठेवत. धंद्यात याला माया म्हणतात. मूल वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुढं चालतो. छत्तीस वर्षं हे असंच चाललं होतं. मास्तरांनी पुस्तिका वाचली. दोनदा वाचली. त्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली. मग कात्री उचलली आणि दोन बोटं, चार बोटं ठेवून नऊ हजार सहाशे कपडे कापले. यात लबाडी अजिबात नव्हती. वाचलं होतं डोळ्यांनी. हाताला कोणी कळवलंच नव्हतं.

नमुन्याचे तीन कपडे तेवढे आत्यानं पुस्तिका मांडीवर ठेवून स्वतः कापले आणि शिवले होते. ते तंतोतंत होते. मंजुरी त्यांना मिळाली.

*

माप. वय: नऊ महिने. छाती: अठरा. गिऱ्हाईक: याची आजीही अजून शाळेत आहे.

सोमवारी दुपारी मोहिमेचे वजन तपासणारे साहेब दुकानात आले. अंगानं इतके बारीक, की पहिल्याच भेटीत आत्यानं त्यांचं नाव पाव किलो ठेवलं होतं. त्यांच्यासमोर नाही, पण फार लांबूनही नाही.

"मास्तर, तुमच्या कपड्यांचं वजन जास्त भरलंय."

"दमट असतील."

"कोरडे आहेत."

"मग काटा बिघडला असेल."

"त्या काट्यावर आख्खं यान तोलतात, मास्तर."

"आख्ख्या यानाच्या काट्यावर झबली कशाला तोलायची?" आत्या चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवत म्हणाली. "घोड्याच्या डॉक्टरकडे कोंबडी नेल्यासारखं झालं."

पाव किलोंनी पिशवीतून एक सदरा काढला, उलटा केला आणि शिवणीच्या आतलं कापड चिमटीत धरलं. "हे काय?"

"माया."

"पुस्तिकेत एक सेंटिमीटर होतं."

"वाचलं होतं."

"मग?"

मास्तरांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. आपल्या मुलानं दुसऱ्याची काच फोडल्यावर बाप पोराकडे पाहतो, तसं.

हिशोब साधा होता. कपड्यामागे एकतीस ग्रॅम जास्त. एकूण दोनशे सत्त्याण्णव किलो सहाशे. आणि यानावर एक माणूस म्हणजे तो स्वतः, त्याची खुर्ची आणि पहिल्या वर्षाचं अन्नपाणी मिळून तीनशे किलो धरलेला.

"थोडक्यात, एक माणूस," पाव किलो म्हणाले. "अर्धा काढता येत नाही, म्हणून पुरा. यादीतला शेवटचा, चारशेवा, गळेल."

दुकानातल्या बारा मशीन एकदम थांबल्या. चारशेव्या क्रमांकावर कोण आहे ते पाव किलोंना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे माणसं किलोत येत. बाकी सगळ्यांना माहीत होतं. यादीत अगदी काठावर, चारशेवी लागली म्हणून टाचणीनंच दुकानात आख्खा पेढा नाही तर निदान पाव पेढा तरी वाटा असा हट्ट धरला होता.

"पुढच्या शुक्रवारी सामान चढतं," पाव किलो पुढं म्हणाले. "अकरा दिवस आहेत. तेवढ्यात ही माया कापून होईल का? झाली तर यादीला धक्का लागायचा नाही."

"थांबा, कागद बघून सांगतो," म्हणून मास्तर आतल्या खोलीत गेले. कपड्यांचे कागदी साचे तिथं टांगलेले असत. बाहेर आले आणि म्हणाले, "नाही होणार."

"तसं लेखी द्याल?"

मास्तरांनी लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं होतं.

*

साहेब गेल्यावर आत्यानं रिकामा कप उचलला नाही.

"दादा, एका कपड्याची माया काढून दुमड परत घालायला किती वेळ लागतो?"

"आठ मिनिटं. का?"

"सहज. नऊ हजार सहाशेला आठानं गुणायचं, चौदा माणसांत वाटायचं, दिवसाचे नऊ तास धरायचे. दहा दिवस होतात."

"तुला गुणाकार कधीपासून यायला लागला?"

"तूच शिकवलास. फूटपट्टी घेऊन." आत्यानं खुर्ची जवळ ओढली. "दहा दिवसांचं काम, हातात अकरा, आणि तू लिहून दिलंस की होणार नाही."

"माया कापली तर ती पोरं काय घालतील, तू सांग. माया असेल तर सदरा एका मुलाला तीन वर्षं जातो. नसेल तर दीड. तिथं काय कोपऱ्यावर दुकान आहे? चाळीस वर्षं काढायची आहेत. निम्मी पोरं उघडी फिरतील. माणसाची जात टिकवायला निघालेत आणि माणसाला बाही पुरत नाही."

"दादा, तू पोरांबद्दल बोलतोयस का पोरीबद्दल?"

मास्तरांनी खडू उचलला आणि टेबलावर एक रेघ मारली. टेबलावर कापड नव्हतं.

पंचाईत अशी, की त्यांचं म्हणणं खरं होतं. शंभर टक्के खरं. एखादी गोष्ट खरीही असावी आणि सोयीचीही असावी, असा योग माणसाच्या आयुष्यात फार येत नाही. आला की माणूस त्याला घट्ट धरून बसतो.

*

"कळविण्यात येते की, मुलांच्या कपड्यांचे वजन वाढल्यामुळे क्रमांक ४०० यांचे जाणे रद्द करण्यात आले आहे. झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत. ओळखपत्र व त्याची निळी दोरी आठ दिवसांत परत करावी. दोरी हरवल्यास तसे कळवावे."

*

माप. वय: सात. छाती: चोवीस. गिऱ्हाईक: डावखुरं असण्याची शक्यता.

पत्र टाचणीला मंगळवारी संध्याकाळी कामावर मिळालं. रात्रपाळी संपवून बुधवारी सकाळी ती घरी न जाता थेट दुकानात आली. निळी दोरी गळ्यातच होती.

"बाबा, मुलांचे कपडे आपल्याकडे होते ना?"

"होते."

"आणि तुम्ही लिहून दिलंत, की जमणार नाही."

"माया कापणं म्हणजे कपड्याचं वाटोळं आहे. मी वाटोळं करून देत नाही."

टाचणीनं वाद घातला नाही. लहानपणी ती याच टेबलाखाली बसून चिंध्यांची माणसं करायची. मास्तरांशी वाद घालून काही होत नाही हे तिला चालायच्या आधीपासून ठाऊक होतं. वजन करून परत आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांतून तिनं एक सदरा ओढला, घड्याळ समोर ठेवलं आणि कात्री घेतली. पहिल्याला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्याला नऊ. चौथ्याला साडेसात. प्रत्येक आकडा ती खडूनं टेबलाच्या कडेवर लिहीत गेली. मास्तरांनी जाता-जाता तो हातानं पुसला. तिनं परत लिहिला. हे तीनदा झालं.

"साहेबांशी बोललेय मी," ती आत्याला म्हणाली, पण दुकानभर ऐकू जाईल अशी. "पुढच्या शुक्रवारपर्यंत वजन उतरलं तर नाव परत घालणार आहेत."

"नऊ दिवस राहिले. काम दहाचं."

"मग जेवायची सुट्टी कापू."

"काप बाई. सगळ्यांनी सगळं कापायचं ठरवलंच आहे," म्हणत आत्या तिच्या शेजारी बसली.

कारागीर आधी मास्तरांकडे बघत, मग आत्याकडे. दुपारी आत्यानं नुसती मान हलवली आणि बारा कात्र्या चालू झाल्या. मास्तर दाराजवळ बसून एका शेजाऱ्याची पँट आखूड करत राहिले. ती फारच आखूड झाली.

*

त्या दिवशी कात्रीच्या आवाजात झालेलं बोलणं.

आत्या: "तू जायचं ठरवलंस तेव्हापासून विचारीन म्हणते. इथं काय बिघडलंय?"

टाचणी: "आज काही नाही."

"मग?"

"जगातली सगळी माणसं एकाच छपराखाली राहतात, आत्या. छप्पर कधीतरी पडणार. लाख वर्षांनी पडेल, नाहीतर पुढच्या हजारातच. दुसरं घर इतकं लांब आहे, की छप्पर धड आहे तोवरच निघावं लागतं."

"म्हणजे बिऱ्हाड हलवायचं."

"सगळं नाही. आम्ही चारशे जण पुढं होऊन झाडलोट करणार."

"आणि पोचणार दोनशे चाळीस वर्षांनी. आपल्या घरातलं माणूस शोभतेस. वेळेवर गेलोय कुठं आपण." आत्यानं दातानं दोरा तोडला. "पण तू तर पोचणारही नाहीस."

"तू शिवलेला सदरा घालून गिऱ्हाईक कुठं जातं, ते बघायला जातेस का?"

"एकदा गेले होते. तुझ्या आत्तोबांच्या मागं."

*

माप. वय: चार. तेच.

शुक्रवारी सकाळपर्यंत अकराशे ऐंशी कपडे झाले होते. कापलेल्या पट्ट्यांचा ढीग मशीनच्या उंचीला आला होता. मास्तर ढिगाजवळून जाताना वळसा घालत.

टाचणीचे डोळे मिटत होते. तिनं चार वर्षांच्या मापाचा एक सदरा घेतला आणि बाजूची माया कापता-कापता कात्री तशीच वर, काखेत नेली.

"काखेत?" दाराजवळून आवाज आला. "काखेत कापतेस?"

तिनं मान वर केली. मास्तर उठून आले होते.

"पोरगं हात वर करेल की नाही? वरच्या फळीवरचं काही काढेल, कोणाच्या अंगावर झेप घेईल. पहिल्या झटक्याला शिवण जाईल. काखेत कोणी कापतं का? मी हे शिकवलंय?"

"मग कुठं कापू, बाबा?"

"कापूच नकोस."

"तीनशे किलो कुठून कमी करू?"

मास्तरांनी तिच्या हातातून सदरा काढून घेतला. काखेतला काप अंगठ्यानं चाचपला, जखम बघावी तसा. सदरा सुलटा केला, टेबलावर पसरला, पंजानं सुरकुत्या मोडल्या. बराच वेळ ते सदऱ्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी सदऱ्याच्या छातीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"बिल्ला," टाचणी म्हणाली.

पुस्तिकेप्रमाणे प्रत्येक कपड्याला एक बिल्ला होता. तळहाताएवढा, जाड रबराचा. त्यावर दोन ग्रह, मधे बाण आणि खाली मोहिमेचं नाव. चित्र मोहिमेच्या संचालकांच्या मेहुण्यानं काढलेलं होतं आणि ते बघून कळतही होतं.

"उसव," मास्तर म्हणाले.

आत्यानं बटणं तोलायची छोटी तागडी आणली. बिल्ला बत्तीस ग्रॅम भरला. तिनं ओठातल्या ओठात गुणाकार केला. "तीनशे सात किलो. दादा, हे तर मायेपेक्षा जास्त आहे. एकाला दीड मिनिट, दोन दिवसांत सगळे निघतील."

टाचणी वडिलांकडे बघत होती. "कधी सुचलं तुम्हाला?"

"आत्ताच," मास्तर म्हणाले आणि तिच्या हातातली कात्री काढून घेऊन खिळ्याला अडकवली.

*

"बिल्ला माझ्या अखत्यारीत नाही," त्याच दुपारी पाव किलो म्हणाले. "बिल्ल्याची वेगळी समिती आहे."

"किती जणांची?" आत्यानं विचारलं.

"नऊ."

"वजन केलंय त्यांचं?"

"बाई, बिल्ला ओळखीसाठी असतो."

"ओळख कोणाला द्यायची? चारशेच्या चारशे एका घरात. रोज एकमेकांची तोंडं बघणार. वाटेत कोणी परका भेटलाच, तर बाळाच्या छातीवरचं वाचत बसणार आहे का?"

पाव किलोंनी स्वतःच्या कोटावरचा बिल्ला बोटांनी उचलून पाहिला. बहुधा पहिल्यांदाच. मग खिशातून पेन काढलं. "बिल्ला माझ्याकडे येत नाही," ते सावकाश म्हणाले, "वजन येतं." आणि कागदावर लिहिलं: वजनाच्या कारणास्तव.

समितीची बैठक तीन आठवड्यांनी होती. तोवर यान निघून जाणार होतं.

अकराशे ऐंशी कपड्यांची माया आधीच कापली गेली होती. मास्तरांनी त्या सगळ्या पट्ट्या मापाप्रमाणे लावल्या, गठ्ठा बांधला आणि वर चिठ्ठी टाचली: "लागेल तशी जोडावी. काखेत आधी." तोही यानात गेला, साडेछत्तीस किलो. तरीही नऊ किलो सहाशे ग्रॅम उरले. त्यावर मोहिमेकडे अकरा अर्ज आले, त्यांतला एक संचालकांच्या मेहुण्याचा होता.

*

माप. वय: सत्तावीस. छाती: चौतीस. उंची: बासष्ट. गिऱ्हाईक: घाईत आहे.

निघायच्या दिवशी टाचणी मोहिमेचा कोट घालून दुकानात आली. मास्तरांनी न विचारता तिच्या खांद्यावरून टेप टाकली. कोट उलटा करून पाहिला.

"हा कोणी शिवलाय? सोडायला काही ठेवलेलंच नाही."

"पुस्तिकेप्रमाणे आहे, बाबा. आणि मी आता कुठं वाढणार?"

"पोट सुटेल. आत्यावर गेलीस तर पस्तिशीतच."

"मी ऐकतेय," आतून आत्या म्हणाली.

"ऐक. काढ तो कोट. दहा मिनिटं बस."

ती बसली. टेबलाच्या कडेवर, लहानपणी बसायची तशी, पाय हलवत. फरक इतकाच, की आता पाय जमिनीला लागत होते. मास्तरांनी कोटाच्या दोन्ही बाजू उसवल्या आणि आत निळ्या कापडाची एक-एक पट्टी जोडली, दोन बोटं रुंद. शिवण बाहेरून दिसत नव्हती. दहाची चाळीस मिनिटं झाली. बाहेर गाडीवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. आत्या दारात जाऊन त्याच्याशी काही बोलली आणि त्यानं परत वाजवला नाही.

"घाल," मास्तर म्हणाले.

तिनं घातला. हात वर करून दाखवला, मग दुसरा.

"काखेत धरतोय?"

"नाही."

"मग जा."

ती गेली. मास्तरांनी टेपची गुंडाळी केली, आणि शेजाऱ्याची ती आखूड पँट काढून तिच्यात कुठं काही सोडता येतं का ते बघू लागले.

*

सोमवारी दुपारी, साहेबांचा चहा निवायच्या आत, मास्तरांनी आतल्या खोलीत एक बिल्ला उसवून तोलला होता. बत्तीस ग्रॅम.